पुस्तकातले पाच मार्ग, हातातले दहा दिवस

पत्र: "आम्ही कोथरूडला राहतो. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ब्रिटनमधल्या सुंदर रस्त्यांवरचं एक गाइडबुक मिळालं, २०१२ ची आवृत्ती. त्यातले पाच मार्ग निवडलेत : एडिनबराच्या दक्षिणेचा बॉर्डर्स भाग, ग्लेनको, स्काय बेट, स्कॉटलंडचा उत्तर किनारा आणि परतताना लेक डिस्ट्रिक्ट. हातात दहा दिवस. मिस्टर, मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात). मिस्टर म्हणतात, पुणे-गोवा एका दिवसात मारतो, तिथले दीडशे मैल म्हणजे काय! पुस्तकातही प्रत्येक मार्गाला 'दोन ते तीन दिवस' असंच दिलंय. दिवाळीत जावं की मेमध्ये? आणि एवढ्या जुन्या पुस्तकावर विसंबावं का?"

आधी गोव्याचा हिशेब मिटवू. पुणे-गोवा साडेचारशे किलोमीटर तुम्ही नऊ-दहा तासांत जाता, पण त्या दिवशी वाटेत काही बघायचं नसतं. चहा, जेवण, की पुन्हा गाडीत. तुम्ही निवडलेल्या मार्गांवर रस्ता हेच बघण्याचं ठिकाण आहे. दर वीस मिनिटांनी कोणीतरी "थांबा, थांबा" म्हणणार, आणि न थांबता पुढे जायचं असेल तर एवढं विमानाचं भाडं भरून गेलात कशाला?

पुस्तकातले 'दोन ते तीन दिवस' मार्गाच्या पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंतचे असतात. तिथवर पोचायचा आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर जायचा वेळ त्यात धरलेला नसतो. लेक डिस्ट्रिक्ट इंग्लंडात आहे, एडिनबरापासून दीडशे मैलांच्या आसपास. म्हणजे पाच मार्गांचे किमान दहा दिवस, वर सांधे जोडायला तीन-चार. तेव्हा पेन्सिल घ्या आणि तीन मार्ग खोडा. लेक डिस्ट्रिक्ट खोडा. बॉर्डर्स भाग सुंदर आहे, पण सौम्य. पहिल्या फेरीत तो गाळला म्हणून हळहळ वाटणार नाही. उत्तर किनारा खोडताना मात्र हात अडखळेल. तिथल्या इन्व्हरनेस ते इन्व्हरनेस अशा ५१६ मैलांच्या वळशाला २०१५ पासून 'नॉर्थ कोस्ट ५००' नाव मिळालंय, आणि ज्याला स्कॉटलंड सांगावं तो याचंच नाव काढतो. पण तो नीट करायचा तर एकट्यालाच सात दिवस हवेत, आणि मागच्या सीटवर एकाहत्तर वर्षांच्या आजी असतील तर आठ. ग्लेनको आणि स्काय ठेवा. दोन्ही एकाच दिशेला आहेत, एकातून दुसऱ्यात सरळ जाता येतं.

आता दिवाळी की मे. मे, आणि शक्यतो पहिला पंधरवडा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे होतात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्कायमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुस्तकातले फोटो आणि दिवसांची आखणी उन्हाळ्यातली असते, संध्याकाळी सातला 'शेवटचा थांबा' देणारी. शिवाय ऑक्टोबर संपला की बरीच ठिकाणं बंद होतात किंवा वेळा आखडतात. मेच्या मध्याला तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पश्चिम किनाऱ्यावर एरवीपेक्षा पाऊस कमी असतो, आणि 'मिज' नावाची बारीक चावरी चिलटं महिनाअखेरीपर्यंत फारशी जागी झालेली नसतात. एकच सांभाळा : मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिकडे सुट्टीचा. त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी स्कायमध्ये खोली मिळणं मुश्कील. स्कायच्या रात्री सोमवार ते गुरुवारच्या ठेवा आणि जानेवारीतच नक्की करा.

जुन्या पुस्तकाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण लोक एकतर ते फेकून देतात नाहीतर त्यातलं सगळं खरं धरून चालतात. डोंगर, दऱ्या, किल्ले, कुठल्या वळणावरून काय दिसतं, कुठला रस्ता कुठल्या दिशेने करावा, हे चौदा वर्षांत बदललेलं नाही. उलट या बाबतीत जुनी पुस्तकं अनेकदा जास्त सविस्तर असतात. वेळा, तिकिटं, खानावळी, बोटींची वेळापत्रकं आणि वाहतुकीचे नियम मात्र शिळे होतात. तुमच्या पुस्तकातल्या निदान पाच गोष्टी आज चुकीच्या किंवा अपुऱ्या आहेत. स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा डिसेंबर २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. पुस्तकात ८० असणार. सोपा अर्थ, जो चालवतो त्याने अजिबात घ्यायची नाही. ए-९ या मुख्य रस्त्यावर डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेरा दिसला की ब्रेक मारून भागत नाही. हातात मोबाइल धरला तर २०० पौंड दंड. एडिनबराच्या मध्यभागी जून २०२४ पासून जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी आहे. भाड्याच्या नव्या गाडीला अडचण नाही, पण पाटी बघून दचकू नका. आणि एडिनबराच्या उत्तरेला फोर्थच्या खाडीवर ऑगस्ट २०१७ मध्ये क्वीन्सफेरी क्रॉसिंग हा नवा पूल झाला. पुस्तकातल्या नकाशात जो फोर्थ रोड ब्रिज आहे तो आता बस, टॅक्सी आणि सायकलींसाठी आहे. परतीच्या दिवशी तुम्ही नव्या पुलावरूनच येणार. एक गोष्ट आनंदाची, आणि ती तुमच्या पुस्तकाच्याही आधीची : २००८ पासून स्कॉटलंडमध्ये कुठल्याच पुलाला टोल नाही.

म्हणून पुस्तकाचं वर्ष मलपृष्ठावर नाही तर आतल्या कॉपीराइटच्या पानावर बघायचं, त्यातून आणखी एक वर्ष वजा करायचं (माहिती गोळा झाली ती त्याआधी), आणि प्रत्येक पानावर दोन खुणा करायच्या. जे डोळ्यांनी बघायचं त्यावर बरोबरची खूण. ज्याला दार, तिकीट किंवा वेळ आहे त्यावर गोल. गोल केलेलं सगळं निघण्याआधी त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत पानावर तपासायचं.

आता वेळ कसा मोजायचा. पुस्तकात मैल असतात, तुमच्या डोक्यात किलोमीटर. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. पण किलोमीटर करत बसू नका, सरळ मैलांवरून तास काढा : नेहमीच्या दुपदरी रस्त्यावर मैलांना ३५ ने भागा, एकेरी रस्त्यावर (म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांना मिळून एकच पदर) २० ने. मोटरवेवर ५५ चालेल. ही खरी गाडी चालवण्याची वेळ. मग थांबे जोडा : नुसता फोटो असला तरी दहा मिनिटं, चढ-उतार असेल तर पुस्तकातल्या चालण्याच्या वेळेची दीडपट, जेवण पाऊण तास, आणि स्वच्छतागृहासाठी वेगळा वेळ, कारण डोंगराळ भागात ती दूर-दूर आहेत. एकूण आकडा सात तासांच्या वर गेला की तो दिवस फसला असं समजा आणि काहीतरी खोडा.

स्कायचाच एक दिवस मांडून बघू. पोर्ट्री या बेटावरच्या मुख्य गावाहून ट्रॉटर्निश द्वीपकल्पाला वळसा. पूर्व किनाऱ्याने वर जायचं, स्टॅफिनहून डावीकडे वळून क्विरँगची खिंड ओलांडायची, पलीकडे उग (Uig) या गावी उतरून परत पोर्ट्री. सगळं मिळून चाळीस-बेचाळीस मैल. पुस्तकात याला 'अर्धा दिवस' दिला असेल तर नवल नाही. प्रत्यक्ष गाडीत पावणेदोन-दोन तास. 'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' हा सुळका बघायला जाऊन-येऊन पावणेचार किलोमीटर आणि जवळजवळ तीनशे मीटर चढ, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगड चढायच्या निम्मा. मिस्टर आणि मुलगी गेले तरी दोन तास. किल्ट रॉक या समुद्रकड्याला वीस मिनिटं, जेवण पाऊण तास, क्विरँगला तास, उगला चहा अर्धा तास. झाले साडेसहा तास, तेही पार्किंगला जागा लगेच मिळाली तर.

यात दोन गोष्टी पुस्तक सांगेलच असं नाही. हे सगळे कडे पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्या अंगावर पडतं. दुपारनंतर तेच कडे सावलीत काळे दिसतात. म्हणून पूर्वेची बाजू आधी. पण हे सगळ्यांनाच कळतं, आणि स्टॉरचं पार्किंग लवकर भरतं (आता तिथे पैसेही लागतात). पोर्ट्रीहून आठला निघा. दुसरं सासूबाईंसाठी : स्टॉर त्यांना खालूनच बघावा लागेल, पण क्विरँगला गाडी थेट माथ्यावर जाते. पार्किंगमधून शंभर पावलांवर सगळी पडझड झालेली कड्यांची रांग समोर उभी राहते. त्यामुळे वेळ कमी पडला तर स्टॉर कापा, क्विरँग नाही. पुस्तकात स्टॉरला चांदण्या जास्त असल्या तरी.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर 'सोपी वाट' या शब्दावर जाऊ नका. तो ब्रिटिश भटक्यांच्या हिशेबाने असतो, चिखलातले बूट गृहीत धरून. अंतर, चढ आणि पायाखाली काय आहे, या तीन गोष्टी बघा. चढ दिलाच नसेल तर नकाशा बघा. पुस्तकातले नकाशे पोस्टकार्डाएवढे असतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२,५०,००० चा रस्त्यांचा नकाशा घ्या, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. मोबाइलवर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज जाते. आणि मुक्कामाचा नुसता पोस्टकोड टाकून निघू नका. डोंगराळ भागात एका पोस्टकोडमध्ये मैलोन् मैल मुलूख असतो. यजमानांकडून नकाशावरची नेमकी जागा मागून घ्या.

दहा दिवस असे बसतात. एडिनबराला दोन रात्री, गाडीशिवाय. रात्रभर विमानात जागून, साडेचार तास मागे गेलेल्या घड्याळात, अनोळखी गाडी हातात घेणं हा या सहलीतला सगळ्यात वाईट बेत ठरेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रामने पुन्हा विमानतळावर जा, तिथून गाडी घ्या, म्हणजे शहरात शिरावंच लागत नाही. स्टर्लिंग, कॅलंडर, क्रिअनलारिख करत ग्लेनको, साधारण सव्वाशे मैलांच्या आत. तिथे दोन रात्री. पाचव्या दिवशी फोर्ट विल्यमवरून ए-८३० ने मॅलेग, वाटेत ग्लेनफिनन. एकवीस कमानींचा रेल्वेपूल मुलीला बघायचाच असणार, हॅरी पॉटरच्या सिनेमामुळे. वाफेच्या गाडीची वेळ बघून तासभर आधी पोचा, नाहीतर पार्किंग मिळत नाही. मॅलेगहून आर्माडेलची बोट गाडीसकट आधी आरक्षित करा आणि सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी रांगेत लागा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर घाबरू नका. फोर्ट विल्यमला मागे येऊन इन्व्हरगॅरीवरून स्कायच्या पुलाने बेटावर जाता येतं, पण ते १२० मैल आहेत, साडेतीन तास धरा. म्हणून त्या दिवशी दुपारी काही ठरवू नका. स्कायला तीन रात्री. आठव्या दिवशी पुलावरून बाहेर, आइलन डोनन किल्ला, लॉक नेसच्या काठाने इन्व्हरनेस, एक रात्र. नवव्या दिवशी ए-९ ने, पिटलॉक्रीला जेवून, गाडी विमानतळावर परत. शेवटची रात्र विमानतळाजवळ.

गाडी. मिस्टरांची जमेची बाजू मोठी आहे : तिथेही डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. परदेशात पहिल्यांदा चालवायला युरोपपेक्षा ब्रिटन बरं, ते याचसाठी. पण तिकडे मॅन्युअल हाच रिवाज, ऑटोमॅटिक हवी तर तसं मागून घ्यावी लागते आणि भाडं जास्त पडतं. घ्याच. चार माणसं आणि चार कडक बॅगा छोट्या गाडीच्या डिकीत मावत नाहीत. मोठी गाडी घेतली तर एकेरी रस्त्यावर जड जाते. त्यापेक्षा मधली गाडी आणि कापडी बॅगा. मुलीसाठी बूस्टर सीट आरक्षणातच मागा. बारा वर्षं पूर्ण किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर तिथे ती कायद्याने लागते. मागच्या सीटवरही सगळ्यांना पट्टा.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये प्रवेश केल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, काही भाडे कंपन्या मागतात. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पुण्यात संगम ब्रिजजवळच्या आरटीओत काम होतं. सोबत मूळ कार्ड हवंच. डिजिलॉकरमधला परवाना तिथल्या काउंटरवर चालत नाही. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि फॉरेक्स कार्ड बहुधा नाकारतात. तुमचंही नाव दुसऱ्या चालकात घाला, तुम्ही चालवणार नसलात तरी. मिस्टरांची पाठ धरली तर स्कायमध्ये बदली चालक मिळत नाही. विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ वगळलेला असतो का ते वाचा, कारण तिथे नुकसान नेमकं तेच होतं : समोरच्याला साईड देताना डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरतं. ताब्यात घेताना चारही टायर आणि डाव्या बाजूचा व्हिडिओ काढा. पेट्रोलचा नॉझल हिरवा, डिझेलचा काळा. आधी स्वतः भरायचं, मग पैसे द्यायचे. अर्धी टाकी झाली की भरून घ्या. आणि व्हिसा ब्रिटनचा लागतो, शेंगेन नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो.

आता मिस्टरांना वाचून दाखवा. काट्यावर मैल असतात. ४० दिसलं की हळू वाटतं, पण ते ६४ किलोमीटर आहे. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी पट्टी म्हणजे दुपदरी रस्त्यावर कमाल ६० मैल. ती पाटी एकेरी रस्त्यावरही दिसते, आणि तिथे ६० ने कोणी शहाणा जात नाही. सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, दरवेळी, अंदाज न घेता. एकेरी रस्त्यावर थोड्या-थोड्या अंतरावर साईड द्यायच्या जागा असतात, पांढरी पाटी लावलेल्या. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर शिरायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं. समोरचा तिच्यातून वळसा घालून निघून जातो. ताम्हिणीत सवय असते ती समोरच्याच्या जवळ जाऊन मग बघू ही. इथे लांबून बघून आधीच्या जागेला थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्यासारखंच. मागे कोणी घाईत असेल तर त्यालाही याच जागेत साईड द्या, पण फोटोसाठी तिथे गाडी लावू नका.

सगळ्यात घोटाळा डिपरचा. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की अर्थ एकच : मी येतोय, तू थांब. नियमानुसार तिथे डिपर म्हणजे फक्त 'मी इथे आहे', पण त्या रस्त्यांवर लोक तो 'तुम्ही या' म्हणून देतात. म्हणजे दोघंही थांबून बसतात, किंवा मिस्टरांनी आपल्या सवयीने दिला तर दोघंही निघतात. तेव्हा डिपर द्यायचा नाही. समोरच्याने दिला तर तो खरंच थांबलाय का ते बघून निघायचं आणि जाताना हात वर करायचा. हॉर्न विसरा. मेंढ्या रस्त्यात बसल्या असतील तरी.

राहता राहिलं सासूबाईंचं जेवण. गावांमधली स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात, त्यामुळे ग्लेनको आणि स्कायला स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या. मसाले, डाळी, पोहे, बाकरवडी न्यायला हरकत नाही. दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, त्यात पेढे आले आणि घरचं कढवलेलं तूपही. तूप एडिनबरातल्या भारतीय दुकानात घ्या, गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी.